प्लास्टिकवरील धातुरेषा : तांबटाच्या हातोड्यापासून अतिजलद लेसरपर्यंत

प्रस्तावना

धातूला आकार देण्याची परंपरा पुणे परिसराला नवी नाही. पेशवेकाळापासून कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याचा पत्रा ठोकून भांडी घडविली जात आली आहेत. परंतु तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर एबीएस हे नित्य वापरातील प्लास्टिक सुमारे १०५ अंशांनाच मऊ पडते. मग अशा प्लास्टिकवर वीज वाहून नेणारी धातूची रेष उमटवावी कशी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या उत्तरांचा ऐतिहासिक आढावा घेऊन देहूरोड परिसराच्या संदर्भात त्यांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

रासायनिक मार्ग

पहिले उत्तर रसायनशास्त्राने दिले. १९४६ मध्ये अमेरिकेत ब्रेनर व रिडेल यांनी विद्युत्‌प्रवाहाविना धातूचा थर चढविण्याची पद्धत मांडली. त्यातूनच प्लास्टिकवरील मुलाम्याचा मार्ग प्रशस्त झाला. एबीएसचा पृष्ठभाग क्रोमिक आम्लाने खरवडायचा, त्यावर पॅलेडियमचे कण बसवायचे आणि मग तांबे अथवा निकेलचा थर द्यायचा, असा हा क्रम आहे. या पद्धतीतील षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. म्हणजेच झळाळीची किंमत कामगार आणि सांडपाणी यांच्या खाती पडते.

लेसर आणि पुणे जिल्हा

१९६० मध्ये मेमन यांनी पहिला लेसर सिद्ध केला. १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर जगापुढे आणणारे चंद्रकुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेतलेले; मात्र त्यांचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागला. संशोधनाची परंपरा येथेही रुजली. १९८७ मध्ये डॉ. सतीशचंद्र ओगले, डॉ. वि. गो. भिडे व पुण्यातील त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याखालील लोखंडावर रुबी लेसरचे स्पंद सोडून एरवी सहज न मिळणारी लोह-ऑक्साइडची रूपे मिळविली व ते संशोधन ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाले. द्रवातील धातूवर लेसर सोडून सूक्ष्मकण मिळविण्याच्या पुढील पद्धतींशी या प्रयोगाचे जवळचे नाते आहे.

अतिजलद लेसरचे वेगळेपण

१९८५ मध्ये स्ट्रिकलँड व मुरू यांनी अतिलघू स्पंद प्रबळ करण्याची पद्धत शोधली. तिला २०१८ चे नोबेल पारितोषिक लाभले. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग. स्पंद इतका अल्प असतो की उष्णता भोवती पसरण्यापूर्वीच तो संपलेला असतो. त्यामुळे प्लास्टिकमध्ये किंवा त्यावरील द्रावणात मिसळलेल्या चांदीच्या आयनांचे नेमक्या जागी धातूत रूपांतर करता येते. उरलेले द्रावण धुऊन टाकले की रेष तेवढी राहते. मात्र लेसर रेष एकेक बिंदू जोडत काढतो, म्हणून कामाचा वेग मर्यादित असतो. यंत्र महाग असते. आणि पुष्कळदा जाड थरासाठी तांब्याच्या रासायनिक स्नानाचा आधार घ्यावाच लागतो.

देहूरोडचा संदर्भ

लष्करी छावणी व दारूगोळ्याच्या आस्थापनांचे देहूरोड हे इंद्रायणी आणि पवना या दोन नद्यांच्या मधोमध वसले आहे. पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी त्याला लागूनच आहे. आळंदीत इंद्रायणीवर अलीकडे वारंवार दिसलेला फेस घरगुती व औद्योगिक सांडपाण्याचा परिणाम होय. त्याचा दोष एकट्या मुलामा-व्यवसायावर टाकणे अन्यायाचे ठरेल. तरीही विषारी आम्लाची एक पायरी जरी वगळता आली, तरी या दोन्ही नद्यांना तिचे मोल आहे. पाषाण येथील सी-मेट ही १९९० मध्ये स्थापन झालेली संस्था इलेक्ट्रॉनिकी पदार्थांवर संशोधन करते. म्हणजे ज्ञानाचे केंद्र येथून दूर नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, प्रत्येक नव्या तंत्राने आधीच्या तंत्राचा एक दोष दूर केला आणि स्वतःची एक मर्यादा सोबत आणली. पटेलांना घडविणारे शिक्षण पुण्याचे होते, शोधाचे श्रेय मात्र दूरच्या प्रयोगशाळेला मिळाले. आजचा विद्यार्थी याच परिसरातील कारखान्यात केवळ यंत्र चालविणारा ठरणार, की त्या यंत्रामागील विज्ञान जाणणारा होणार, याचे उत्तर आपल्या वर्गांतून व प्रयोगशाळांतूनच द्यावे लागेल.