लिनक्स आणि सामान्य वापरकर्ता : अडते नेमके कुठे?

लिनक्स सोपे की अवघड, हा वाद मिटत नाही. कारण कुणासाठी आणि कोणत्या कामासाठी, हे आधी कुणी ठरवून घेत नाही. येथे सामान्य वापरकर्ता म्हणजे अर्ज-पत्रे लिहिणारा, घरखर्चाचा तक्ता मांडणारा, बँकेचे व्यवहार आणि फोटो संगणकावर सांभाळणारा माणूस. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत त्याने आयुष्यात एकही आज्ञा टाइप केलेली नाही, आणि करावी अशी अपेक्षाही नाही.

काटेकोर बोलायचे तर लिनक्स म्हणजे फक्त कर्नेल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामधला गाभा. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टॉरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये जाहीर केला. त्याभोवतीची बरीच साधने आली ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून. पुढे कर्नेलही त्याच प्रकल्पाच्या जीपीएल परवान्याखाली आला : कुणीही वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, वाटावा, मात्र बदललेली प्रत वाटताना तिचा सोर्स कोडही द्यावा लागतो. कर्नेल, साधने, डेस्कटॉप आणि अ‍ॅप्स एकत्र बांधून मिळतात त्याला डिस्ट्रो म्हणतात. नवख्याने उबंटू (२००४) किंवा लिनक्स मिंट (२००६) यांपैकी एक घ्यावी. उरलेल्या शेकडो डिस्ट्रोंची चर्चा हौशी मंडळींना लखलाभ.

कर्नेल सामान्य माणसाला कधी दिसतच नाही. अँड्रॉइड फोनमध्ये तोच आहे आणि त्यामुळे कुणाचे अडलेले नाही. दिसतो तो डेस्कटॉप. मिंटमध्ये खाली डावीकडे मेनू आणि उजवीकडे घड्याळ व वाय-फाय. विंडोज वापरलेल्याला त्यात बिचकण्यासारखे काही नाही. फायरफॉक्स आणि व्हीएलसी तर दोन्हीकडे तेच. उलट नवे अ‍ॅप घ्यायला कुठल्याशा साइटवरच्या फसव्या ‘डाउनलोड’ बटणांमधून वाट काढावी लागत नाही. डिस्ट्रोच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव शोधले की काम होते. तेव्हा यंत्राच्या आतला भाग सुटलेला आहे. अडते ते सीमेवर : आपली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर जाते तिथे, आपली केबल दुसऱ्याच्या प्रिंटरला लागते तिथे.

मराठी लिहिणाऱ्याला ही सीमा पहिल्यांदा लागते फॉन्टपाशी. युनिकोड मराठीची लिनक्सवर काहीच अडचण नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी हजर : स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य हवा तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. इन्स्क्रिप्ट हे भारतीय मानक असल्यामुळे विंडोजवर बसलेली बोटे इथेही तशीच चालतात. खरा घोळ जुन्या डीटीपी फॉन्टांचा. कृतिदेवमध्ये ‘कमल’ लिहिले तर फाइलमध्ये प्रत्यक्षात साठतात डी, ई, वाय ही रोमन अक्षरे. फॉन्ट त्यांच्यावर फक्त मराठी चित्र चढवतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की उरते अगम्य रोमन जंजाळ, आणि लोक म्हणतात, ‘लिनक्सवर मराठी दिसत नाही.’ हा आरोप अन्यायाचा आहे. नव्याकोऱ्या विंडोजवरही तेच दिसेल, आणि फॉन्ट टाकला तरी त्या फाइलमध्ये युनिकोडात ‘कमल’ शोधून सापडणार नाही. असा जुना मजकूर कन्व्हर्टरने एकदाचा युनिकोडात आणावा, मग संगणक कोणताही असो.

दुसरी अडचण वर्डच्या फाइलींची, आणि ती मात्र खरी आहे. लिबरऑफिस हे खुले ऑफिस-सॉफ्टवेअर त्या उघडते, पण मंगल किंवा निर्मलासारखा विंडोजबरोबर येणारा फॉन्ट न मिळाल्याने जागी दुसरा बसवते. ओळी लांबतात, तक्त्याची शेवटची ओळ पुढच्या पानावर घसरते. मुक्तासारखा खुला फॉन्ट दोन्हीकडे ठेवावा आणि अंतिम प्रत पीडीएफने पाठवावी. निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच संपतात.

प्रिंटरचे थोडक्यात सांगायचे तर नवे नेटवर्क प्रिंटर बहुधा ड्रायव्हरशिवाय चालतात. काही स्वस्त जुने लेझर प्रिंटर मात्र पानाची जुळणी संगणकावर सोपवतात, म्हणून कंपनीचा ड्रायव्हर नसेल तर ते मुके. टॅली विंडोजसाठीच बनते. रोजचे हिशेब त्यावर असतील तर लिनक्सचा विचार तूर्त सोडून द्यावा. डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्याने त्याचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी विचारावे.

या सगळ्याहून मोठी अडचण तांत्रिक नाहीच. संगणक बिघडला की आपण जातो कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे, आणि त्याचे एकच उत्तर ठरलेले असते : ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकतो.’ त्याचा दोष नाही, त्याच्याकडे येणारे गिऱ्हाईकच तसे आहे. पण घरात वा ओळखीत लिनक्स जाणणारे एकही माणूस नसेल तर सामान्य वापरकर्त्याने हा बदल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केरळमधल्या सरकारी शाळांत लिनक्स टिकले, कारण तिथे सॉफ्टवेअरबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षणही होते.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला साधारणपणे आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, म्हणून चांगले चालणारे कितीतरी लॅपटॉप बाद ठरले. असा लॅपटॉप घरात असेल तर क्रम उलटा धरा. आधी आहे त्याच विंडोजवर लिबरऑफिस आणि फायरफॉक्स वापरून पाहा. ते अंगवळणी पडले की मिंट पेनड्राइव्हवरून, काही इन्स्टॉल न करता चालवा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग एवढे चार तपासा. चारही जमले तरच डिस्कला हात लावा, आणि त्याआधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा.