सवादची जमीन कोणाची?

इराक जिंकल्यावर सैनिकांची मागणी होती, सवादची सुपीक जमीन आम्हाला वाटून द्या. हजरत बिलाल (रजि.) यांच्यासारखे सहाबीही त्याच मताचे होते. खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी नकार दिला. सगळी आजच वाटली, तर पुढच्या पिढ्यांना काय उरणार? वाद बराच झाला. अखेर सूरह हश्रचा आधार घेऊन त्यांनी जमीन तिथल्याच, बहुतांशी बिगरमुस्लिम, शेतकऱ्यांकडे ठेवली. तिचा खराज बैतुलमालमध्ये येई, त्यातून मुस्लिमांना वार्षिक वेतन मिळे. व्यापार, नफा, खासगी मालमत्ता मात्र चालूच राहिली. भांडवलशाही की समाजवाद, एवढेच विचारणाऱ्यांनी हा निर्णय जरूर वाचावा.

वेतन मात्र समान नव्हते. हजरत अबू बक्र (रजि.) सर्वांना सारखे वाटत; उमर (रजि.) यांनी दर्जे लावले. मला पहिली रीत अधिक पटते.