मूत्रमार्गसंसर्ग, बालवयातील : जिवाणूंचे रोगकारक घटक

मूत्रमार्गात शिरलेल्या जिवाणूला तिथे टिकायला, पेशींना इजा करायला आणि शरीराच्या संरक्षणातून निसटायला मदत करणारे रेणू व रचना म्हणजे त्याचे रोगकारक घटक. मुलांमधील बहुतेक मूत्रसंसर्ग ई. कोलायमुळे होतात. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये हा जिवाणू प्रथम वर्णिला, तोही अर्भकांच्या विष्ठेतून. आतड्यात तो एरवी निरुपद्रवी असतो. काही वाण मात्र मूत्रद्वारातून वर चढतात.

लघवीचा झोत जिवाणूंना सतत धुऊन काढतो, म्हणून चिकटून राहणे ही त्यांची पहिली गरज. त्यासाठी त्यांच्या अंगावर केसांसारखे प्रथिनतंतू, म्हणजे फिंब्रिया, असतात. ‘प्रकार १’ फिंब्रियांच्या टोकावरील फिमएच हे प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरावरील मॅनोज शर्करेला धरते. लघवीतील युरोमोड्युलिन या प्रथिनावरही तीच शर्करा असते. त्याला चिकटलेले जिवाणू लघवीबरोबर वाहून जातात.

मूत्रपिंडाच्या दाहात पी-फिंब्रियांना अधिक महत्त्व आहे. त्या मूत्रपिंडाच्या पेशींवरील, पी रक्तगटाशी निगडित शर्करा-मेदांना चिकटतात. १९८१ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी मुलांकडून मिळालेले वाण तपासले, तेव्हा तीव्र मूत्रपिंडदाहाच्या सुमारे नऊ-दशांश वाणांत पी-फिंब्रिया आढळल्या. निरोगी मुलांच्या विष्ठेतील वाणांत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. एखादा घटक आणि आजाराची जागा यांचा इतका ठळक संबंध क्वचितच दिसतो.

चिकटल्यानंतर हिमोलायसिन हे विष पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडते. लघवीत लोह अत्यल्प असते. ते मिळवण्यासाठी जिवाणू एरोबॅक्टिन, एंटेरोबॅक्टिन असे लोहग्राही रेणू सोडतात. शरीरही स्वस्थ बसत नाही : लिपोकॅलिन-२ हे प्रथिन एंटेरोबॅक्टिनला वाटेतच अडवते. जिवाणूभोवतालचे शर्करामय कवच त्याला पांढऱ्या पेशींपासून वाचवते. प्रोटियस या जिवाणूचे शस्त्र वेगळे आहे. त्याचे युरिएज विकर युरियापासून अमोनिया बनवते, लघवी अल्कधर्मी होते आणि खडे धरतात.

हे घटक असले की आजार होतोच, असे नाही आणि नसले की होत नाही, असेही नाही. मूत्राशयातील लघवी उलट मूत्रपिंडाकडे चढत असेल, तर पी-फिंब्रिया नसलेले दुबळे वाणही मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात. तेथे चिकटण्याचे कौशल्य लागतच नाही. याउलट एबीयू ८३९७२ हा वाण एका स्वीडिश मुलीच्या मूत्राशयात सुमारे तीन वर्षे कोणत्याही त्रासाविना राहिला. त्याच्या फिंब्रियांची जनुके उत्परिवर्तनांमुळे निकामी झालेली आढळली. पुढे वारंवार संसर्ग होणाऱ्या काही प्रौढांच्या मूत्राशयात हाच वाण मुद्दाम सोडून, उपद्रवी वाणांना जागा मिळू नये असे प्रयोग झाले.