तळ कोणी पाहिला?

शीळफाट्याला ज्याची गाडी कधी अडकली नाही, असा माणूस ठाणे जिल्ह्यात शोधूनच काढावा लागेल. कल्याणचा रस्ता, मुंब्र्याचा रस्ता, महापेचा रस्ता, सगळे इथे एकमेकांच्या अंगावर येतात. त्या धुरळ्यात समुद्र आठवायचे तसे काही कारण नाही. पण बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा याच शीळफाट्याशी उजेडात येतो, आणि त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. २० सप्टेंबर २०२५ रोजी घणसोली ते शीळफाटा हा टप्पा आरपार झाला. बोगदा किती लांब, किती खोल, हे सर्वांनी वाचले. खाडीच्या तळाशी राहते कोण, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

तळ उपसणे आपल्याला नवे नाही. लोकलने मुंब्र्यावरून जाताना रेतीबंदर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना रेतीने भरलेल्या होड्या आठवतील. पूर्वी मजूर बांबू धरून बुडी मारीत आणि लोखंडी बादली तळाशी भरून वर देत. पुढे सक्शन पंप आले आणि माणसाच्या दमाला जी मर्यादा होती ती संपली. सुमैरा अब्दुलाली यांच्या आवाज फाउंडेशनने न्यायालयात दाद मागितली. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने रेतीउपशावर बंदी आणली, तेव्हा कुठे या धंद्याकडे लोकांचे लक्ष गेले. खाडीचा तळ दिसत नाही, म्हणून त्याची तक्रारही दिसत नाही.

मग पाच हजार मीटर खोलीवरच्या तळाचे काय? तिथे बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट हे धातू असतात. दहा लाख वर्षांत असा गोळा काही मिलिमीटरच वाढतो. ब्रिटिशांच्या 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या सफरीत ते प्रथम वर काढले. आपल्याकडे हा मान गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाचा. २६ जानेवारी १९८१ रोजी, म्हणजे प्रजासत्ताकदिनीच, गवेषणीने हिंदी महासागराच्या तळातून हे गोळे आणले. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेकडे 'अग्रणी गुंतवणूकदार' म्हणून नोंदला गेलेला पहिला देश भारतच होता. आज विषुववृत्तापलीकडे ७५ हजार चौरस किलोमीटर तळावर शोधाचा हक्क आपल्याकडे आहे. अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी आहे, आणि तो मलाही वाटतो. पण तळावरच्या जिवांच्या बाजूने बोलायला तेव्हा कोण होते?

बोलणाऱ्यांत आधी आले ते चित्रकार. चॅलेंजरने आणलेल्या सूक्ष्म जिवांची चित्रे जर्मनीच्या अर्न्स्ट हेकेलने काढली. त्यातून साडेतीन हजारांहून अधिक नव्या जाती जगापुढे आल्या. पुढची हकिगत त्याहून मजेदार आहे. १९३० ते १९३४ या काळात विल्यम बीब हा शास्त्रज्ञ बर्म्युडाजवळ पोलादी गोळ्यात बसून समुद्रात उतरत असे. १९३४ साली तो तीन हजार फुटांखाली गेला. खिडकीतून दिसेल ते तो टेलिफोनवर सांगे. वर ग्लोरिया हॉलिस्टर ते टिपून घेई, आणि त्यावरून एल्से बोस्टेलमान ही चित्रकर्ती अंगावर दिवे लागलेले मासे रंगवी. तिने ते मासे त्यांच्या घरात कधी पाहिलेच नव्हते! तरी खोल समुद्र जगाला पहिल्यांदा दिसला तो तिच्या रंगांतून.

अलीकडचे उदाहरण पापुआ न्यू गिनीचे. तिथल्या सरकारने २०११ साली नॉटिलस मिनरल्स या कंपनीला १६०० मीटर खोलीवर खाणीचा परवाना दिला. प्रकल्पाचे नाव 'सोलवारा एक'. सोलवारा म्हणजे तिथल्या बोलीत खारे पाणी. न्यू आयर्लंड बेटावरचे कोळी नारळाच्या करवंट्या वाजवून, गाणी म्हणून शार्क माशाला होडीशी बोलावतात. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही कला. खाणीच्या आवाजाने मासा येईनासा होईल, असे ते म्हणू लागले, आणि विरोधकांनी 'सोलवाराचे योद्धे' म्हणून आघाडी उभारली. गाण्यांनी खाण थांबली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. २०१९ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, हे खरे कारण. पण तोवर जगातल्या वर्तमानपत्रांना त्या किनाऱ्याचे नाव माहीत झाले होते.

आपल्या ठाण्यातही असे काम चालू आहे, फक्त ते खाडीसाठी आहे. चेंदणी कोळीवाड्यातले शिल्पकार पराग तांडेल यांनी कादंबरी कोळी यांच्यासह 'तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज' हा संग्रह उभारला. संग्रह कोळ्यांचा आणि तो मांडणारेही कोळीच. भरावाने आणि सांडपाण्याने खाडीतून काय काय गेले, हे अहवालापेक्षा तिथल्या वस्तू, आठवणी आणि शिल्पे अधिक लवकर सांगतात. खाडीला निदान तिचा कोळीवाडा आहे. विषुववृत्तापलीकडच्या त्या काळोखाला कुठला कोळीवाडा?

आणि घाई तर सुरू झाली आहे. आपल्या सागरी खनिज कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने १३ पट्ट्यांचा पहिला लिलाव पुकारला. केरळच्या किनाऱ्यालगतच्या रेतीचे तीन पट्टे त्यात होते, तर ग्रेट निकोबारजवळचे सात पट्टे याच धातूंच्या गोळ्यांचे व थरांचे. केरळच्या मच्छीमारांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये किनारा बंद ठेवला. निकोबारच्या तळासाठी कोणी काही बंद ठेवल्याचे ऐकिवात नाही. आंतरराष्ट्रीय पाण्यातल्या खाणींची नियमावली जमैकातल्या किंग्स्टनला घडते आहे. जुलै २०२५ च्या बैठकीतही ती पुरी झाली नाही.

१९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूसमोरच्या समुद्रात गोळ्यांच्या शेतावर मुद्दाम नांगर फिरवून पाहिला. २०१५ साली ते परत गेले, तेव्हा २६ वर्षांपूर्वीचे चर काल मारल्यासारखे दिसत होते. त्याच समुद्रात गोळ्यावर उगवलेल्या स्पंजाच्या मेलेल्या दांड्याला अंडी चिकटवून त्यांची राखण करणाऱ्या ऑक्टोपसच्या माद्याही कॅमेऱ्यात आल्या. गोळा उचलला की दांडा जातो, आणि दांड्याबरोबर ती अंडीही.