आर्लच्या इस्पितळाचा चौक

आर्लच्या इस्पितळाचा चौक : व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८५३–१८९०) या डच चित्रकाराचे तैलचित्र. एप्रिल १८८९. कॅनव्हासवर तैलरंग, ७३ × ९२ सेंमी. दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावच्या जुन्या इस्पितळाचा आतला चौक व त्यातली बाग हा चित्राचा विषय आहे. सध्या ते स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर येथील ऑस्कार राइनहार्ट संग्रहात आहे. व्हॅन गॉगच्या ‘सूर्यफुले’ किंवा ‘तारांकित रात्र’ या चित्रांइतके ते प्रसिद्ध नाही. तरीही त्या वसंतात त्याची नजर किती शाबूत होती, हे याच्याइतके स्वच्छ सांगणारे दुसरे चित्र क्वचितच सापडेल.

हे इस्पितळ म्हणजे आर्लचे ‘ओतेल-द्यू’. त्याचे बांधकाम १५७३ मध्ये सुरू झाले. मधोमध मोकळा चौक, चारी बाजूंनी दुमजली इमारत आणि चौकाकडे उघडणाऱ्या कमानींच्या ओवऱ्या, अशी त्याची रचना आहे. चौसोपी वाडा पाहिलेल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच की इथे चौकात फरसबंदी नसून बाग आहे आणि तिच्या मध्यावर पाण्याचा गोल हौद.

व्हॅन गॉग या इमारतीत आला तो रुग्ण म्हणून. २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री, चित्रकार पॉल गोगँशी झालेल्या बेबनावानंतर त्याने स्वतःचा कान कापला आणि दुसऱ्या दिवशी त्याला इथे दाखल केले गेले. ७ जानेवारीला तो घरी परतला, पण फेब्रुवारीत झटका पुन्हा आला. त्यानंतर शेजारच्या सुमारे तीस जणांनी सह्या करून, या माणसाला मोकळे ठेवू नये, असा अर्ज नगराध्यक्षाकडे दिला. पोलिसांनी त्याच्या पिवळ्या घराला टाळे ठोकले आणि त्याचा मुक्काम पुन्हा इस्पितळात पडला. मार्चच्या अखेरीस चित्रकार पॉल सिन्याक त्याला भेटून गेला. एव्हाना त्याला बाहेर फिरायची आणि रंगवायची मुभा मिळू लागली होती. तिथले तरुण डॉक्टर फेलिक्स रे त्याच्याशी आपुलकीने वागत. एप्रिलमध्ये धाकटा भाऊ थिओ याचे लग्न झाले. त्याच महिन्यात, आपल्याला एकट्याने बिऱ्हाड करणे झेपणार नाही असे ठरवून व्हिन्सेंटने सें-रेमीच्या मनोरुग्णालयात जाण्याचा निर्णय घेतला. ८ मेला तो तिकडे गेला. चौकाचे चित्र या निरोपाच्या दिवसांतले आहे.

चित्र वरच्या मजल्याच्या उंचीवरून पाहिलेले आहे. त्यामुळे बाग एखाद्या नकाशासारखी उलगडते. मध्ये हौद, त्याभोवती पाकळ्यांसारखे फाकलेले फुलांचे वाफे, त्यांच्यामधून जाणाऱ्या पायवाटा आणि पलीकडे कमानींची रांग. धाकटी बहीण विल्हेल्मीन हिला लिहिलेल्या पत्रात त्याने या चित्राचे तपशीलवार वर्णन केले आहे. तिला बागांची आवड, म्हणून तो फुलांची नावे एकेक करून देतो. वाफे आठ. त्यांत फर्गेट-मी-नॉट, ख्रिसमस रोझ, ॲनेमोनी, बटरकप, वॉलफ्लॉवर, डेझी. ओवरीखाली संत्र्याची झाडे आणि कण्हेर. चुन्याने रंगवलेल्या कमानी त्याला अरबी इमारतींची आठवण करून देतात. वसंतातल्या फुलांनी आणि हिरवाईने चित्र गच्च भरले आहे, असे सांगून झाल्यावर तो लगेच दुसरी बाजू मांडतो : या फुलांवरून झाडांची तीन काळी, खिन्न खोडे सापासारखी आडवी गेली आहेत आणि पुढ्यात बॉक्सवुडची चार मोठी, काळपट झुडपे आहेत.

चित्राचा सगळा जीव या मांडणीत आहे. फुले दूर, उजेडात. खोडे आणि झुडपे जवळ, पाहणाऱ्याच्या अंगावर. चौकापर्यंत पोचायचे तर नजरेला आधी हा अडसर ओलांडावा लागतो. पण खिन्नता फुलांना झाकत नाही आणि फुलेही तिला पुसून टाकत नाहीत. चित्रकाराने दोन्ही गोष्टी मोजून, आपापल्या जागी ठेवल्या आहेत. झटक्याच्या भरात ब्रश फिरवणाऱ्याचे हे काम नव्हे. व्हॅन गॉगच्या प्रत्येक चित्रात त्याचा आजार शोधण्याची जी सवय पडून गेली आहे, तिला हे चित्र सरळ उत्तर देते.

दृक्‌प्रत्ययवादाचा (इम्प्रेशनिझमचा) प्रभाव इथे उघड आहे. १८८६ ते १८८८ या काळात व्हॅन गॉग पॅरिसमध्ये थिओकडे राहिला. तिथे पिसारो, सिन्याक या चित्रकारांच्या सहवासात त्याच्या रंगपाटीवरचे मातकट, गडद रंग मागे पडले आणि शुद्ध रंगांचे छोटे, सुटे फटकारे आले. वाफ्यांतली फुले अशाच फटकाऱ्यांनी उभी राहिली आहेत. मात्र त्या मंडळींनी वर्ज्य मानलेला काळेपणा त्याने खोडांसाठी बेधडक वापरला. पुढ्यातले झाड दृश्याच्या आड येऊ देणे, उंचावरून पाहणे, आकारांना ठाम रेषेने बांधणे या गोष्टी जपानी ठशांच्या चित्रांतून आल्या. तो ती चित्रे जमवत असे, हिरोशिगेच्या दोन चित्रांच्या तर त्याने तैलरंगात प्रतिकृती केल्या होत्या. क्षणभराच्या उजेडापेक्षा जागेचा सांगाडा त्याला अधिक महत्त्वाचा वाटे. म्हणूनच त्याची गणना उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांत होते.

या चित्राचे जोडचित्र म्हणजे ‘आर्लच्या इस्पितळातील कक्ष’. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना पांढऱ्या पडद्यांच्या खाटा, लाल विटांची जमीन, टोकाच्या दारावर क्रूस. तेही एप्रिलमध्येच सुरू झाले, पण ऑक्टोबरमध्ये सें-रेमीत दस्तयेवस्कीविषयीचा एक लेख वाचल्यावर त्याने ते पुन्हा हाती घेतले आणि शेगडीभोवती बसलेले रुग्ण पुढ्यात रंगवले. चौकाचे त्याने बोरूने केलेले एक रेखाचित्रही आहे. ते ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. तैलचित्राविषयी बहिणीला लिहिताना तो म्हणतो की इथल्या लोकांना यात बहुधा फारसे काही दिसणार नाही, पण चित्रातली कला ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी रंगवावे, ही आपली नेहमीचीच इच्छा आहे. मराठी वाचकाला हा व्हॅन गॉग आयर्विंग स्टोनच्या कादंबरीच्या, माधुरी पुरंदरे यांनी केलेल्या अनुवादातून ओळखीचा आहे.

नवे रुग्णालय झाल्यावर जुन्या इमारतीतून दवाखाना हलला. तिचा जीर्णोद्धार होऊन ‘एस्पास व्हॅन गॉग’ हे सांस्कृतिक केंद्र उभे राहिले. आता तिथे सार्वजनिक ग्रंथालय आहे आणि साहित्याच्या अनुवादकांसाठी निवासी केंद्रही. बाग नव्याने लावताना आधार घेतला तो या चित्राचा आणि पत्रातल्या फुलांच्या यादीचा. कमानींनाही चित्राला साजेसा पिवळा रंग दिला. पत्रातला चुना मागे पडला आणि कॅनव्हासवरचा रंग भिंतीवर चढला, याने इतिहासाचे काटेकोर अभ्यासक खट्टू होतील. पण वाफ्यांची मांडणी टिकली ती या चित्रामुळेच.

उद्योगपती घराण्यातले संग्राहक ऑस्कार राइनहार्ट (१८८५–१९६५) यांनी दोन्ही जोडचित्रे मिळवून एकत्र ठेवली. त्यांनी आपला संग्रह १९५८ मध्ये स्विस राष्ट्राला दिला आणि १९७० मध्ये तो त्यांच्या ‘आम र्‍योमरहोल्त्स’ या बंगल्यात लोकांसाठी खुला झाला. २०२५ मध्ये लंडनच्या कोर्टोल्ड कलादालनात या संग्रहातील निवडक चित्रांचे प्रदर्शन झाले, तेव्हा ही जोडी तिथे होती. कानाला पट्टी बांधलेले व्हॅन गॉगचे जानेवारी १८८९ चे आत्मचित्र याच कलादालनाच्या मालकीचे आहे. जखमी चेहरा आणि त्यानंतर तीन महिन्यांनी रंगवलेला चौक तेव्हा एकाच भेटीत पाहता आले.