तंजावरचें एक प्रहसन

तंजावरच्या मराठी राजवटीचा विचार करतांना आमचे संशोधक सनदा, शिलालेख व वंशावळी तपासतात. नाटकांचीं बाडें मात्र करमणुकीचीं म्हणून बाजूस सारतात. ही उपेक्षा आम्हांस अनाठायीं वाटते.

व्यंकोजी राजांनीं तंजावर घेतल्यास पुरतीं दहा वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच इ. स. १६८४ त त्यांचे पुत्र शहाजी राजे गादीवर आले. प्रजा तमिळ, मागील नायकांच्या दरबारची भाषा तेलुगु, आणि धनी मराठे. नव्या धन्याविषयीं मनांत अढी असणें स्वाभाविकच होतें. अशा वेळचें, या राजाच्या नांवावर असलेलें 'सतीदानशूरमु' हें तेलुगु प्रहसन पाहावें. मन्नारगुडीच्या उत्सवास आलेला एक ब्राह्मण एका अस्पृश्य स्त्रीवर भाळतो. शिष्यच गुरूस शास्त्र शिकवितो, पण गुरु ऐकेल तर ना! या ब्राह्मणाचें नांव मोरोभट्ट. हें वळण कृष्णा-गोदातीरचें, कावेरीतीरचें नव्हे. म्हणजे मराठी राजानें जुन्या दरबारच्या भाषेंत जें हास्यास्पद पात्र रंगविलें, तें आपल्याच मुलखाच्या नांवाचें. परक्या मुलखांत धन्यानें प्रथम आपल्या माणसाची थट्टा करावी, यांत आम्हांस मोठें शहाणपण दिसतें. प्रजेस मोकळेपणीं हंसण्यास जागा मिळाली. अढी समूळ गेली असें आमचें म्हणणें नाहीं. शीर्षकांतील दानशूरही तो ब्राह्मण नव्हे, त्या स्त्रीचा पति होय. पत्नीचें दान हा विनोद मात्र आज बोचतो.

राजानें प्रहसन लिहिणें द्रविडदेशीं नवें नव्हतें. कांचीच्या महेंद्रवर्मा पल्लवानें सातव्या शतकांत 'मत्तविलासां'त कापालिक व बौद्ध भिक्षु या दोघांचीही खोडी काढली आहे.

शहाजींच्याच 'पंचभाषाविलासां'त संस्कृतासह तमिळ, तेलुगु, मराठी व हिंदी एकाच रंगभूमीवर येतात. संस्कृत नाटकांत नायक संस्कृत बोलतो, स्त्रिया व सेवक प्राकृत. भाषेवरून पायरी कळते. येथें राजकन्या आपापल्या देशभाषेंत बोलतात, म्हणून भाषेवरून देश कळतो, पायरी नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रावर वाढलेल्या आम्हांस हा फरक फार मोलाचा वाटतो. घराण्यांत ही आवड जुनीच. राजवाड्यांनीं १९२२ त छापलेल्या 'राधामाधवविलासचंपूं'त थोरल्या शहाजी राजांच्या सभेंतील नानाभाषी कवींची गर्दी वाचकांस ठाऊक आहेच.

ज्यांच्या संग्रहीं दक्षिणेकडील नाटकांचीं बाडें असतील, त्यांनीं पात्रांचीं नांवें व प्रत्येकाच्या तोंडची भाषा टिपून मंडळाकडे धाडावी. विदूषकाचें नांव विशेष जपून उतरावें.