लेखनसीमा : पत्र संपवण्याची मराठी रीत

मंडळी, आपल्याकडे निरोप कसा घेत असत हे बघायचं तर जुन्या पत्रांचा शेवट बघावा. आपण मजकूर वाचतो आणि ‘बहुत काय लिहिणे’ आलं की कागद खाली ठेवतो. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

पेशवाईतल्या पत्रावर आजच्यासारखी सही नसते. मोडी मजकूर कारकुनाच्या हातचा, आणि पुष्कळ पत्रांत शेवटचे दोन-चार शब्द तेवढे धन्याच्या हातचे. अक्षर बदललेलं नुसत्या डोळ्यांनाही दिसतं. ते शब्द कोणते, हे समोरचा कोण यावर ठरे. वरच्याला ‘हे विज्ञापना’, बरोबरीच्याला ‘हे विनंती’, धाकट्याला ‘हे आशीर्वाद’, आणि हुकूम असेल तर कोरडं ‘जाणिजे’.

मग मोर्तब. शिक्का वर, मोर्तब शेवटी. आपण ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो ते हेच. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’, पेशव्यांच्या मोर्तबावर ‘लेखनसीमा’. म्हणजे आमचं लिहिणं इथे संपलं; याखाली कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. निरोप आणि कुलूप एकाच ठशात! कागदाला कागद जोडून पत्र लांबलं, तर जोडांवरही मागच्या बाजूनं शिक्के मारत.

पण मधल्या अक्षराचं काय? ३० ऑगस्ट १७७३ ला इथेच, शनिवारवाड्यात, नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं ही कथा तुम्हाला पाठ आहे. पुराव्यानं ती सिद्ध झालेली नाही. तरी लोकांना ती पटली, कारण सीमा राखणारा शिक्का मधला ‘ध’ राखू शकत नाही, हे कागद हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पुढे राज्य गेलं, मोर्तब गेलं, पोस्टकार्ड आलं. ‘लोभ असावा ही विनंती’ मात्र टिकलं, लग्नपत्रिकेपर्यंत पोचलं. इथला लोभ म्हणजे हाव नव्हे, माया. हल्ली हे सांगावं लागतं.

आणि बोलण्यात? तिथे उलटीच तऱ्हा. कागदावर सीमा आखणारी हीच माणसं दारात ‘जातो’ म्हणत नाहीत. दुकान बंद करत नाहीत, ‘वाढवतात’. ‘शुभ रात्री’ तर अलीकडची, इंग्रजीवरून आलेली. आपल्या घरांत रात्री उठताना पाहुणा ‘येतो हं’ म्हणतो, आणि आतून उत्तर येतं, ‘या!’